काका नावाचा फोल्डर

तुमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातलं पहिलं सॉफ्टवेअर फोनवरच बसवलं असेल. बटण दाबलं, गोल फिरला, झालं. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र हे काम इतकं सरळ कधीच नव्हतं. सेटअपच्या फाइलवर डबल क्लिक करावं आणि काहीच होऊ नये, किंवा इंग्रजीत एक ओळ झळकून सगळं बंद व्हावं, हे नेहमीचंच.

मी कारंजा (घाडगे) इथला. वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे सुट्टीत घरी गेलो की नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर समोर येतात. तक्रार बहुतेकदा एकच असते, ‘हे बसतच नाही रे.’

असे बरेच कॉम्प्युटर पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. इन्स्टॉलर लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक घर असतं. तिथलं मशीन कसं आहे, ते कोण वापरतं, त्या माणसाचं नाव कोणत्या लिपीत लिहितात, हे त्याने मनाशी धरलेलं असतं. आपलं घर त्याहून वेगळं निघालं की इन्स्टॉलर अडतो. त्यामुळे न चाललेल्या इन्स्टॉलरांचा इतिहास हा अशा गृहीतकांचाच इतिहास आहे.

नावापासूनच बघू. डॉसच्या काळात फाइलच्या नावाला 8 अक्षरं मिळायची आणि टिंबानंतर आणखी 3. ऑगस्ट 1995मध्ये विंडोज 95 आलं आणि 255 अक्षरांपर्यंतची नावं देता येऊ लागली. पण जुन्या प्रोग्रॅमना ती वाचता येत नव्हती, म्हणून विंडोज प्रत्येक लांब नावामागे एक आखूड नाव तयार करून ठेवायचं. पहिली सहा अक्षरं, मग ‘~1’. एकाच जागी ‘कारंजा घाडगे’ आणि ‘कारंजा लाड’ असे दोन फोल्डर रोमन लिपीत केले, तर पहिल्या सहा अक्षरांपर्यंत दोन्ही सारखेच. मग एकाच्या शेवटी ‘~1’ लागणार, दुसऱ्याच्या ‘~2’. वर्धा जिल्ह्यातलं कारंजा आणि वाशीम जिल्ह्यातलं कारंजा यांत माणसांचा गोंधळ होऊ नये म्हणून आपण पुढे घाडगे आणि लाड लावतो. जुन्या प्रोग्रॅमना नेमकं तेच दिसत नव्हतं.

दुसरं गृहीतक मशीनचं. विंडोज 95 तेरा फ्लॉपींवरही मिळायचं. त्या काळात प्रोग्रॅम 16 बिटांकडून 32 बिटांकडे चालले होते, आणि बऱ्याच कंपन्यांनी एक सोयीचा मार्ग निवडला. प्रोग्रॅम 32 बिटांचा केला, पण त्याला बसवणारा इन्स्टॉलर जुना, 16 बिटांचाच ठेवला. तो सगळीकडे चालत होता, मग बदलायचा कशाला? पुढे 64 बिटांचं विंडोज आलं. ते 32 बिटांचे प्रोग्रॅम चालवतं, 16 बिटांचे नाही. म्हणजे आत बसलेला माल ठणठणीत, पण दार उघडणारा माणूसच आत येऊ शकत नाही. ‘धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युअर पीसी’ या ओळीमागे अनेकदा हेच असतं. अडचण इतकी सर्रास होती की काही ठरावीक जुन्या इन्स्टॉलरांसाठी विंडोजमध्येच पर्यायी नवे भाग घालावे लागले. बाकीचे अडकले ते अडकलेच. 2021मध्ये आलेल्या विंडोज 11ची तर 32 बिटांची आवृत्तीच नाही.

आमच्याकडे याचा फटका घरांआधी डीटीपीच्या दुकानांना बसला. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशा वर्षानुवर्षांच्या फाइली एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या. नव्या मशीनवर त्याचा इन्स्टॉलर चालत नाही. चाललाच, तर त्याला लागणारा डोंगल लावायला तसं पोर्ट नसतं. त्यामुळे कोपऱ्यात एक जुनं, पिवळं पडलेलं मशीन चालू ठेवलेलं दिसतं. ते बंद पडलं की फाइली डिस्कवर असूनही वाचता येणार नाहीत. कारण त्या काळच्या बहुतेक मराठी फॉण्टमध्ये आतली अक्षरं रोमनच असायची, फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले. फॉण्ट गेला की मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं उरतात.

तिसरं गृहीतक विश्वासाचं. आधी घरच्या कॉम्प्युटरवर बसणारा प्रत्येक जण मालक मानला जायचा आणि कुठलाही सेटअप हवं ते बदलू शकायचा. व्हायरसांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. 2004मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला. तेव्हापासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला ‘ही बाहेरून आली आहे’ अशी एक लपलेली चिठ्ठी चिकटते, आणि ती दिसली की विंडोज चालवण्याआधी विचारतं. 2007च्या व्हिस्टाने मालकाकडेही परवानगी मागायला सुरुवात केली. आता जुन्या प्रोग्रॅमांपैकी इन्स्टॉलर कोणता, हे ओळखायचं कसं? त्याची एक युक्ती म्हणजे फाइलच्या नावात सेटअप, इन्स्टॉल किंवा अपडेट हे इंग्रजी शब्द शोधणं! 2012च्या विंडोज 8पासून तो निळा पडदा आला, जो अनोळखी सॉफ्टवेअरला दारातच थांबवतो.

यात एक गंमत आहे. ती लपलेली चिठ्ठी साठवण्याची सोय फॅट32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर नसते. त्यामुळे स्वतः उतरवलेला इन्स्टॉलर अडवला जातो आणि तोच मित्राने पेनड्राइव्हवर आणून दिला तर मुकाट चालतो. ‘माझ्याकडे चाललं, तुझ्याकडे का नाही?’ या गावोगावच्या वादाचं हे एक खरंखुरं कारण आहे.

चौथं गृहीतक लिपीचं, आणि ते सगळ्यांत जुनं. 1963च्या आस्की तक्त्यात 128 जागा होत्या, त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं मावली. पुढे विंडोजने 256 जागांचे वेगवेगळे तक्ते केले. पश्चिम युरोपसाठी एक, रशियनसाठी एक, ग्रीकसाठी एक. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असा तक्ता कधी आलाच नाही. आपल्याकडे भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक 1991मध्ये ठरलं होतं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. विंडोजने देवनागरीला थेट युनिकोडमधूनच आत घेतलं, तेही 2000 साली. एक्सपीमध्येसुद्धा ही सोय बहुधा झोपलेलीच असायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करा, मग विंडोजची मूळ सीडी घाला, मग मराठी नीट दिसेल. जुळवून घेतलेल्या मशीनबरोबर मूळ सीडी कोणाकडे असायची? मराठी दिसण्याआधीच इन्स्टॉलेशन अडायचं.

पण जुने प्रोग्रॅम मात्र त्या 256 जागांच्या तक्त्यांवरच चालत राहिले. विंडोज 95 आणि 98 यांवर चालायचं असेल तर दुसरा सोपा मार्ग नव्हता. याचा परिणाम आमच्या नात्यातल्या एका काकांच्या घरी पाहिला. कॉम्प्युटर नवा होता आणि त्यांनी हौसेने युजरचं नाव देवनागरीत ठेवलं होतं, ‘काका’. त्यांना हिशोबाचं एक जुनं सॉफ्टवेअर हवं होतं, ते काही केल्या बसेना. डिस्कवर जागा भरपूर, परवानगी दिलेली, फाइलही शाबूत.

कारण असं होतं. इन्स्टॉलर सुरू झाला की आपलं सामान आधी एका तात्पुरत्या फोल्डरात सोडतो, आणि तो फोल्डर युजरच्या नावाच्या फोल्डरात असतो. या इन्स्टॉलरने त्याचा पत्ता जुन्या पद्धतीने विचारला. विंडोजने उत्तर जुन्या तक्त्यात बसवायचा प्रयत्न केला. क, काना, क, काना. चारही चिन्हांना तक्त्यात जागा नाही, म्हणून प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह. इन्स्टॉलर ‘????’ नावाचा फोल्डर शोधायला गेला. आणि विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही.

उपाय पाच मिनिटांचा. सी ड्राइव्हवर रोमन नावाचा एक साधा फोल्डर करायचा आणि तात्पुरत्या फाइलींचा पत्ता तिकडे वळवायचा. नुसतं युजरचं नाव बदलून भागत नाही, कारण ते फक्त दाखवण्यापुरतं बदलतं. आतला फोल्डर पहिल्याच नावाचा राहतो.

काका म्हणाले, ‘म्हणजे माझ्या नावामुळेच अडलं होतं का?’ खरं उत्तर होतं, नाही. नाव बरोबर होतं, इन्स्टॉलर लिहिणाऱ्याने ते नाव असू शकतं असं धरलंच नव्हतं. पण दुकानात सल्ला उलटा मिळतो, ‘युजरचं नाव इंग्रजीतच ठेवा, नाहीतर प्रॉब्लेम येतो.’ सल्ला व्यवहाराला धरून आहे. त्यातून माणूस मात्र एवढंच शिकतो की कॉम्प्युटरवर आपली भाषा म्हणजे जोखीम.

परिस्थिती बदलते आहे. इन्स्टॉलर बनवायची दोन लोकप्रिय मोफत साधनं आहेत, एनएसआयएस आणि इनो सेटअप. पहिल्याच्या 2016च्या आवृत्तीत युनिकोडची सोय आली, दुसऱ्याने 2019मध्ये युनिकोड नसलेली आवृत्तीच बंद केली. युनिकोडमध्ये देवनागरी आल्याला तोवर पाव शतक उलटून गेलं होतं. जुने इन्स्टॉलर अजून फिरत आहेत, आणि दुकानातला सल्लाही.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण उद्या सॉफ्टवेअर लिहितील. ऑफिसात आमचा इन्स्टॉलर बाहेर पडण्याआधी मी एक चाचणी न चुकता करतो. कोऱ्या मशीनवर ‘ज्ञानेश्वर’ नावाचा युजर उघडतो, देवनागरीत, आणि त्याच्या खात्यातून सेटअपवर डबल क्लिक करतो. दहा मिनिटांचं काम आहे.