वंशावळ शोध : खानदेश
कुटुंबाच्या मागील पिढ्या सरकारी दप्तर व धार्मिक वह्यांतून निश्चित करण्याची पद्धत. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे झाले. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे आधी नोंदीच्या काळी गाव कोणत्या जिल्ह्यात व तालुक्यात होते, ते पाहावे लागते.

सर्वांत मोलाचे साधन म्हणजे कोतवाल बुक, अर्थात गाव नमुना 14 ही जन्म-मृत्यूची नोंदवही. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते; बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्याने जाणकार वाचक लागतो. जमिनीच्या फेरफारातील वारसनोंदीत बाप, मुलगे, विधवा एकत्र सापडतात, म्हणून पिढ्यांची साखळी येथेच जुळते. शाळेचे जनरल रजिस्टर जन्मतारीख व जन्मगाव पुरवते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गाववार असतात. दप्तर संपते तेथे त्या उपयोगी पडतात. आडनावे मात्र बदलतात: पाटीलकी मिळालेले घर ‘पाटील’ होते, भाऊबंद जुन्याच नावाने राहतात. हीच साधने जात पडताळणीतही लागतात; त्यासाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात.