बडोद्याची शिष्यवृत्ती

दिल्लीत सरोजिनी नगरलगत, आयएनए येथील मानवाधिकार भवनात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे कार्यालय आहे. तेथे प्रशिक्षणासाठी येणारे मराठी विद्यार्थी मला विचारतात, पदव्युत्तर शिष्यवृत्तीच्या आधारावर या क्षेत्रात पाऊल टाकता येते काय?

मी त्यांना बडोद्याचे उदाहरण देतो. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. अट होती दहा वर्षे संस्थानच्या चाकरीची. १९१७ साली ते रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून शहरात राहावयास जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद लांबूनच टाकीत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले.

हिशेबनिसाच्या लेखी करार मोडला. मात्र त्या शिक्षणाचे फळ १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर दिसले, आणि अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमापर्यंत पोहोचले.

आम्ही प्रशासक करारनाम्यातील वर्षे मोजतो. शिष्यवृत्ती एका सहीने मंजूर होते. परतलेल्या माणसाला सन्मानाने काम करू देणारी कचेरी मात्र सहीने उभी राहत नाही.