दूरचे दिसावे, पण समोरच्याचे डोळे दिपू नयेत: जुन्या हेडलाइटची शंभर वर्षे

जबलपूरचा गढा हा भाग एके काळी गोंड राज्याची राजधानी होता. १७८१ मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या. जबलपूरहून नागपूरकडे निघणारा जुना रस्ता याच बाजूने मेडिकल कॉलेजवरून तिलवारा घाटाकडे उतरतो, नर्मदा ओलांडतो आणि पुढे लखनादौन, सिवनी, खवासा करीत महाराष्ट्रात शिरतो. वाराणसी ते कन्याकुमारी या जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ चा हा एक तुकडा होय.

अशा रस्त्यावर रात्री ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. समोरच्या झगझगीत दिव्याने डोळे दिपले आणि सावरायला तीन सेकंद लागले, तर चालकाने ५० मीटर रस्ता जवळजवळ न पाहता कापलेला असतो. म्हणून जुन्या गाडीचा बल्ब बदलणे हा केवळ गाडीच्या मालकापुरता प्रश्न राहत नाही. समोरून येणाराही त्यात तितकाच गुंतलेला असतो.

जबलपूरला हा प्रश्न विशेष लागू पडतो, कारण हे शहर स्वतः वाहने घडवणारे आहे. येथे १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे शक्तिमान हा लष्करी ट्रक येथे तयार होऊ लागला आणि १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन कारखाना सुरू झाला. निस्सान पेट्रोलच्या आराखड्यावर बनलेल्या ‘जोंगा’ या गाडीच्या नावातच जबलपूरचे आद्याक्षर आहे. लष्कराच्या लिलावांतून नागरिकांच्या हाती आलेल्या जोंगा आजही हौसेने जपल्या जातात. जोंगा असो, जुनी जीप असो किंवा ६ व्होल्टची मोटरसायकल असो, मालकाची तक्रार बहुधा एकच असते: रात्री दिवा मिणमिणतो.

या तक्रारीचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या मोटारींवर तेलाचे आणि कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू निर्माण होतो आणि तो पांढऱ्या, तेजस्वी ज्योतीने जळतो. विजेचे दिवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत रुळले. १९१२ मध्ये कॅडिलॅकने बॅटरी, जनित्र, विजेचा स्टार्टर आणि दिवे यांची एकत्रित व्यवस्था आणली. त्यानंतर ही व्यवस्था झपाट्याने पसरली.

उजेड वाढला, तशी दुसरी अडचण पुढे आली. परवलयाकार परावर्तकाच्या नाभीपाशी दिवा ठेवला की किरण समांतर होऊन दूरवर जातात, पण ते समोरच्याच्या डोळ्यांतही शिरतात. १९२० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीत बिलक्स हा दोन फिलामेंटचा बल्ब आला. त्याचे एक फिलामेंट नाभीपाशी होते, तोच आपला ‘अप्पर’. दुसरे नाभीच्या किंचित पुढे होते आणि त्याच्याखाली धातूची छोटी वाटी होती, तो ‘डिपर’. फिलामेंट नाभीच्या पुढे असले की परावर्तकाच्या वरच्या भागावरून येणारे किरण खाली झुकतात. खालच्या भागावरून येणारे किरण वर उसळले असते. त्यांना ती वाटी अगोदरच अडवते.

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. १९४० पासून तेथे सीलबंद दिवा सक्तीचा झाला. काच, परावर्तक आणि फिलामेंट एकाच बंद भांड्यात असल्याने परावर्तकावर धूळ व गंज बसत नसे, मात्र फिलामेंट तुटले की सगळा दिवाच बदलावा लागे. बदलता येणाऱ्या बल्बला तेथे १९८३ पर्यंत वाव नव्हता.

हॅलोजनने पुढचे पाऊल टाकले. साध्या बल्बमध्ये तापलेल्या फिलामेंटमधून टंगस्टनचे अणू उडतात आणि काचेवर काळा थर बसतो. बल्बमध्ये अल्प प्रमाणात आयोडीन किंवा ब्रोमीन असेल, तर त्या अणूंशी संयोग होऊन टंगस्टन फिलामेंटकडे परत जातो आणि काच स्वच्छ राहते. त्यामुळे फिलामेंट अधिक तापवता येते. युरोपात मोटारीचा पहिला हॅलोजन बल्ब १९६२ मध्ये आला, तर दोन फिलामेंटचा ‘एच-४’ १९७१ मध्ये. एच-४ मध्येही बिलक्सची ती वाटी कायम आहे. तिची एक बाजू १५ अंशांनी तिरकी कापलेली असते. त्यामुळे डाव्या बाजूने चालणाऱ्या आपल्या वाहतुकीत डावीकडची कड आणि पादचारी थोडे दूरपर्यंत दिसतात, तर उजवीकडून येणाऱ्याचे डोळे मात्र वाचतात.

एच-४ ची प्रमाणित शक्ती ६०/५५ वॅट असून १३.२ व्होल्टवर तो अप्परला सुमारे १६५० आणि डिपरला सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देतो. हे आकडे बल्बच्या टोकांशी पुरेसा व्होल्टेज पोहोचला तरच खरे ठरतात. जुन्या गाडीत नेमके तेच घडत नाही. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. दोन्ही डिपर मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. झिजलेला स्विच, जुनी तार आणि गंजलेले अर्थिंग यांचा एकूण रोध ०.१ ओहम असला, तरी वाटेतच ०.९ व्होल्ट खर्च होतो. ६ व्होल्टच्या मोटरसायकलींचे दुखणे आणखी तीव्र असते: तितक्याच वॅटला दुप्पट प्रवाह लागतो आणि त्याच तारेत होणारी घट, टक्केवारीत मोजली तर, चौपट ठरते.

अनेक जण यावर १००/९० वॅटचा बल्ब बसवण्याचा उपाय करतात. तो फसवा आहे. प्रवाह ५ वरून ८.३ अँपिअरवर जातो आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट होते. होल्डर वितळतो, स्विच जळतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. त्यामुळे दीडपटीहून अधिक प्रकाश ओतूनही दृष्टीचा पल्ला जेमतेम सव्वापटीने वाढतो. समोरच्याला होणारी झळ मात्र पुरेपूर वाढते.

एलईडीची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये नोबेल मिळाले. तोवर एलईडी हेडलाइट असलेल्या मोटारी रस्त्यावर येऊनही गेल्या होत्या. परंतु त्या गाड्यांचे परावर्तक आणि भिंगे एलईडीसाठीच आखलेली होती. जुना परावर्तक काही मिलिमीटर लांबीच्या बारीक फिलामेंटसाठी आखलेला असतो. बदली एलईडीत त्या जागी पट्टीच्या दोन बाजूंवर सपाट चिप बसवलेल्या असतात. उगमाचा आकार किंवा जागा थोडी जरी चुकली, तरी डिपरची वरची स्पष्ट कड विस्कटते आणि प्रकाश वर सांडतो. जवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून चालक समाधानी होतो, पण दूरचा पल्ला कमी झाल्याचे त्याच्या लक्षात येत नाही. जर्मनीने २०२० मध्ये बदली एलईडीला प्रथमच मान्यता दिली, तीही चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच.

भारतीय नियमही समोरच्याच्या डोळ्यांपासूनच सुरू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ एक काल्पनिक माणूस उभा करतो: दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, आणि डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. त्याचे डोळे दिपणार नाहीत इतका झोत कायम खाली झुकलेला असला पाहिजे. जुन्या ट्रकांच्या हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला फासलेला काळा रंग हा याच गरजेवरचा ओबडधोबड देशी तोडगा होता.

म्हणून जुन्या गाडीची खरी सुधारणा बल्बच्या अलीकडे सुरू होते. आधी अर्थिंग घासून स्वच्छ करावे. मग बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे जाड तार थेट दिव्यापर्यंत न्यावी, म्हणजे जुन्या स्विचमधून केवळ रिलेचा अल्प प्रवाह वाहतो. काळवंडलेला परावर्तक बदलावा. गोल दिव्यांच्या अनेक जुन्या गाड्यांत सात इंचांचे एच-४ चे पूर्ण युनिट बसते, तेव्हा काच, परावर्तक आणि बल्ब एकमेकांसाठीच बनलेले असतात. शेवटी गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करून डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली येईल असा झोत जुळवावा. एवढ्याने ६०/५५ वॅटचाच बल्ब पूर्वी कधी न दिलेला उजेड देऊ लागतो.

गढ्याहून निघालेला तो रस्ता सिवनीच्या पुढे पेंचच्या जंगलातून जातो. तेथे महामार्ग रुंद करताना वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग ठेवावे लागले आणि आवाज व हेडलाइटचा झोत जंगलात शिरू नये म्हणून सुमारे ४ मीटर उंचीच्या पोलादी भिंती उभ्या कराव्या लागल्या. समोरून येणाऱ्या माणसासाठी मात्र रस्त्यावर अशी भिंत नसते. त्याच्यासाठी असते ती फिलामेंटखालची नखाएवढी वाटी आणि नीट जुळवलेला झोत.