जॉर्ज हॅरिसनची बारा तारांची गिटार

* फेब्रुवारी १९६४मध्ये न्यूयॉर्क मुक्कामी हॅरिसनला मिळालेली रिकनबॅकर ३६०/१२. बारा तारा सहा जोड्यांत लावतात. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार जाड, दुसरी बारीक आणि सप्तकभर चढी. उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात. या गिटारची नेक नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, जेमतेम ४१ मिलिमीटर रुंद, म्हणजे साध्या सहा तारांच्या गिटारएवढीच. त्यामुळे कॉर्ड धरताना बोट शेजारच्या जोडीला लागून ती मुकी होते. जाड बोटांच्या वादकाला हा जाच फार. बार कॉर्डला मात्र हीच अरुंद नेक सोयीची. खरी अडचण ब्रिजवर आहे. मूळ ब्रिजला सॅडल, म्हणजे तार टेकण्याचे आधार, सहाच. जाड आणि बारीक तारेला नेमक्या सुरासाठी किंचित वेगळी लांबी लागते, पण दोघींना एकाच सॅडलवर बसावे लागते. परिणामी वरच्या फ्रेटवर जोडी बेसूर होऊ लागते. पुढे आलेला बारा सॅडलचा ब्रिज हाच यावरचा खरा उपाय. जोडीतला क्रमही इथे नेहमीपेक्षा उलटा : वरून खाली छेडताना आधी जाड तार वाजते, मग बारीक. — संपा.