समाजस्वास्थ्य (मासिक)

समाजस्वास्थ्य : मुंबईहून जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ या काळात निघालेले मराठी मासिक. संस्थापक, संपादक आणि बहुतांश मजकुराचे लेखक रघुनाथ धोंडो कर्वे. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग, आहार, नग्नता आणि नीतिकल्पना हे मुख्य विषय. स्वतःच्या शरीराची ओळख करून घेणे, त्याची शरम न बाळगणे आणि त्याच्या सुखाचाही विचार करून त्याला जपणे हा आरोग्याचाच भाग होय, ही भूमिका इतक्या सातत्याने मांडणारे दुसरे मराठी नियतकालिक त्या काळात आढळत नाही.

संपादक : र. धों. कर्वे (१४ जानेवारी १८८२–१४ ऑक्टोबर १९५३) हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म कोकणात मुरूड येथे. शिक्षण पुण्यात, पुढे गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. तेथे फ्रेंच भाषा आणि लैंगिक विषयांवरील युरोपीय ग्रंथ, दोन्ही त्यांनी आत्मसात केले. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. संततिनियमनाचा प्रचार आणि मिशनरी संस्थेतील अध्यापन एकत्र नांदेना, तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर कायमची प्राध्यापकी त्यांना लाभली नाही. मासिक तोट्यात चाले. साधनांची आणि पुस्तकांची विक्री, किरकोळ शिकवण्या यांवर संसार आणि मासिक दोन्ही रेटावे लागत.

पार्श्वभूमी : मुंबईत १९२१ साली दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. बाळंतपणाला गावी जाण्याच्या प्रथेमुळे व अपुऱ्या जन्मनोंदणीमुळे हा आकडा फुगलेला असावा. तरी एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील, म्हणजे परळ-लालबागसारख्या गिरणी वस्त्यांतील, मृत्युमान सर्वांत अधिक होते, याविषयी तत्कालीन निरीक्षकांचे एकमत दिसते. त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. ते भारतातील पहिले मानले जाते. मार्गारेट सँगर यांचे न्यूयॉर्कमधील केंद्र १९१६ साली पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते आणि मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्र १९२१ मध्येच उघडले, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्व्यांचा उपक्रम जगाच्या किती बरोबरीने चालला होता ते कळते.

उपाय मोजके होते. रबरी टोपी, औषधी गोळ्या (पोटात घ्यावयाच्या नव्हेत), स्पंज आणि पुरुषांसाठी रबरी पिशवी. गर्भनिरोधक गोळी १९६० नंतरची आणि सरकारी ‘निरोध’ १९६८ चा. तोवर चांगली साधने परदेशांतून मागवावी लागत व ती स्वस्त नसत. गुप्तरोगांची स्थिती याहून बिकट होती. उपदंशावर १९१० पासून साल्वरसान हे आर्सेनिकयुक्त औषध मिळू लागले होते, पण ते विषारी होते, उपचार लांबत. पेनिसिलिन १९४३ नंतर आले. अशा काळात रोग होऊच न देणे हाच शहाणपणा होता आणि कर्व्यांच्या ‘गुप्तरोगापासून बचाव’ या पुस्तिकेचा सगळा भर त्यावरच आहे. ‘संततिनियमन : विचार व आचार’ (१९२३) ही पुस्तिका मासिकाच्या आधीची. नंतरच्या पुस्तकांत ‘आधुनिक कामशास्त्र’, ‘आधुनिक आहारशास्त्र’ व ‘वेश्याव्यवसाय’ यांचा समावेश होतो.

भूमिका : व्यक्तीच्या आणि समाजाच्या शारीरिक व मानसिक आरोग्याची चर्चा, त्यातही इतर संपादक ज्याला हात लावीत नाहीत अशा विषयांची, हा मासिकाचा जाहीर उद्देश होता. येथे ‘व्यक्ती’ आधी येते आणि कर्व्यांचे वेगळेपण नेमके तेथेच आहे. त्या काळच्या मुंबईत शरीर कमावण्याला विरोध नव्हता, उलट उत्तेजन होते. गिरणगावातल्या तालमींत लाल मातीत पोरे घुमत होती, दादरला मल्लखांब शिकवला जात होता, चौपाटीवर योगोपचाराचे केंद्र १९३० च्या दशकात आले. मात्र शरीर कमवायचे ते राष्ट्रासाठी, कुळासाठी किंवा मोक्षासाठी. संततिनियमनाचे पुरस्कर्तेही बहुधा याच वळणाने बोलत, ना. सी. फडके यांच्या मांडणीत सुप्रजननाचा विचार ठळक आहे. महात्मा गांधींनी कृत्रिम साधनांना विरोध करून आत्मसंयम हाच उपाय सांगितला आणि डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला सँगर यांच्याशी झालेल्या भेटीतही तो सोडला नाही. कर्व्यांच्या मते कामवासना भुकेसारखी आहे. ती भागवताना कोणावर जबरदस्ती होऊ नये, रोग लागू नये आणि नको असलेले मूल होऊ नये, एवढे पाळले की उरते ते ज्याचे त्याचे सुख, आणि सुखाला निराळ्या समर्थनाची गरज नाही.

प्रश्नोत्तरे : मासिकाचा सर्वांत मोलाचा भाग वाचकांच्या प्रश्नांचा. जे घरच्या वैद्याला विचारता येत नव्हते, वडीलधाऱ्यांसमोर तर उच्चारताही येत नव्हते, ते लोक कर्व्यांना लिहून विचारीत. उत्तरे त्रोटक, कोरडी आणि बऱ्याचदा तिरकस असत. समजूत घालण्याचा सूर त्यांत नाही. गणिताच्या मास्तराने चुकीची पायरी खोडावी तसा प्रकार आहे. तरीही त्यांतून मिळणारा दिलासा मोठा होता. हस्तमैथुनाने अशक्तपणा, क्षय, वेड यांपैकी काहीही होत नाही, हे ते न कंटाळता सांगत राहिले. या भीतीचा उगम केवळ देशी ब्रह्मचर्यकल्पनेत नाही. स्विस वैद्य तिसो याने १७६० साली लिहिलेल्या ग्रंथाने ती युरोपभर पसरवली होती आणि इंग्रजी शाळांतून ती येथेही पोचली. आपल्याकडे तिला वीर्यनाशाच्या जुन्या समजुतीची जोड मिळाली व धातुपौष्टिकांचा व्यापार तिच्यावर पोसला गेला.

कर्व्यांचे म्हणणे असे की येथे दुखणे भीतीचे आहे, कृतीचे नव्हे. मानसोपचारशास्त्राने याला पुढे दुजोरा दिला. वीर्य जाते म्हणून थकवा, छातीत धडधड, झोप उडणे आणि उदासी अशी लक्षणे घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेला डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. त्यावरील उपचारात औषधाइतकेच महत्त्व रुग्णाला त्याच्या शरीराविषयी खरी माहिती देण्याला आहे. समाजस्वास्थ्याची प्रश्नोत्तरे तीस वर्षे आधीपासून तेच करीत होती, एवढे श्रेय या मासिकाला द्यावयास हवे. ते वैद्यकाच्या मराठी इतिहासात क्वचितच दिले जाते. लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज’ असे रंगवलेले अजून दिसते, त्यावरून प्रश्न संपले नाहीत हे उघड आहे.

खटले : मासिकावर अश्लीलतेच्या आरोपाखाली एकाहून अधिक खटले झाले. पहिला १९३१ चा, ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून. पुण्यातील सनातनी मंडळींची तक्रार त्यामागे होती, असे सांगितले जाते. कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला आणि अपील फेटाळले गेले.

दुसरा खटला १९३४ चा. या वेळी आरोप लेखावर नव्हता, प्रश्नोत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेले आणि कर्व्यांनी छापून उत्तर दिलेले प्रश्न त्यात आक्षेपार्ह ठरवले गेले. कर्व्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांचे कार्यालय तेव्हा परळला होते आणि दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ त्याच सुमारास उभे राहिले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकते होऊन गेलेले, येवल्याची घोषणा पुढच्या वर्षी व्हावयाची. अशा धामधुमीत आंबेडकरांनी हे वकीलपत्र घेतले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा सांगितला जातो : लोकांना अडचणी आहेत म्हणून ते विचारतात, विचारणाऱ्याला विकृत ठरवले तरी विकृती दूर करण्याचा मार्ग ज्ञान हाच आहे, मग कर्व्यांनी उत्तर देऊ नये तर काय करावे? कर्वे खटला हरले. दंड दोनशे रुपये.

या दोघांच्या विचारांचा सांधा आणखी एके ठिकाणी दिसतो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी सरकारने संततिनियमनाची साधने उपलब्ध करून द्यावीत अशा आशयाचा ठराव मांडला; भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. वारंवारच्या बाळंतपणाने खंगणाऱ्या स्त्रीची बाजू त्यात आहे. ठराव नामंजूर झाला.

स्त्रिया : मातृत्व स्वीकारावे की नाही हे स्त्रीने ठरवावे आणि शरीरसुखावर तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, ही कर्व्यांची मते. ‘शारदेची पत्रे’ या सदरात ते स्त्रीच्या नावाने लिहीत. हा टोपणनावाचा खेळ होता; पुरुषाने स्त्रीचा आवाज घेण्यावर आज आक्षेप घेता येईल. पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ न देण्याच्या निर्णयात आणि पुढच्या ओढगस्तीत साथ दिली. त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र लिखित स्वरूपात फारसे मागे उरलेले नाही. शकुंतला परांजपे (१९०६–२०००) यांनी मासिकात लेखन केले आणि संततिनियमनाचे काम पुण्यात अनेक वर्षे स्वतंत्रपणे चालवले. त्या पुढे राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य झाल्या. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आहार व व्यायाम : या विषयांवरही लेख येत.

मुखपृष्ठ : अनेक अंकांवर नग्न स्त्रीचे चित्र असे. नग्नतेची सवय झाली की तिच्याविषयीचे कुतूहल व लज्जा दोन्ही ओसरतात, हे त्यामागचे समर्थन. चित्रे स्त्रियांचीच का, हा प्रश्न राहतो.

मूल्यमापन : कर्व्यांची वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था आणि एकनिष्ठा यांविषयीची मते वादग्रस्त ठरली व आहेत. काही शास्त्रीय विधाने कालबाह्य झाली आहेत. वाचक मुख्यतः शिकलेला मध्यमवर्ग. ज्या चाळींत या माहितीची निकड अधिक होती, तेथे साक्षरता तुटपुंजी होती. भाषा मात्र आजही जुनी वाटत नाही. अलंकार टाळून छोटी, सरळ वाक्ये लिहिण्याची त्यांची पद्धत मराठी शास्त्रीय लेखकांनी अभ्यासावी अशी आहे.

नंतर : भारत सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत भरलेल्या परिषदेतून आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघ स्थापन झाला. वर्षभरात कर्वे वारले. मासिकाचा शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी पुढे लैंगिक वैद्यकाचा विभाग सुरू केला. य. दि. फडके आणि अनंत देशमुख यांनी कर्व्यांची चरित्रे लिहिली. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट आणि अजित दळवी यांचे, अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ (२०१७) हे नाटक यांमुळे मासिकाचे नाव नव्या पिढीला माहीत झाले. ज्या समलिंगी संबंधांवरील उत्तरामुळे दंड झाला, ते परस्परसंमतीने ठेवणे गुन्हा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या दृष्टीने लोकहिताचे असलेले प्रकाशन अश्लील ठरणार नाही, हा अपवाद दंडसंहितेच्या २९२ व्या कलमात १९६९ च्या दुरुस्तीने आला. तोवर समाजस्वास्थ्य बंद होऊन १६ वर्षे झाली होती.