गेंड्याच्या शिंगाचा व्यापार

गेंड्याची चोरटी शिकार थांबविण्यासाठी त्याच्या शिंगाच्या व्यापारावरील बंदी कायम ठेवावी, की शासकीय नियंत्रणाखाली तो व्यापार कायदेशीर करावा, हा वन्य जीवांच्या संरक्षणाच्या क्षेत्रातील एक प्रदीर्घ वाद आहे. शिंगाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ पासून बंदी आहे. या वादाचे केंद्र द. आफ्रिका हा देश असला, तरी त्याच्या निर्णयाचे परिणाम भारतासह आशियातील गेंड्यांनाही भोगावे लागणार असल्याने त्याला जागतिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

शिंगाचे स्वरूप व उपयोग : गाय किंवा बैल यांच्या शिंगात हाडाचा गाभा असतो, तसा तो गेंड्याच्या शिंगात नसतो. केस व नखे ज्या केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात, त्याचेच हे शिंग बनलेले असते. ते त्वचेपासून उगवते व आयुष्यभर वाढत राहते. मुळाशी असलेला वाढीचा भाग राखून वरचे शिंग कापले, तर प्राण्याला इजा होत नाही व शिंग पुन्हा वाढू लागते. पूर्ण वाढलेल्या पांढऱ्या गेंड्याची शिंगे वर्षाला सु. १ किग्रॅ. इतकी वाढतात. वाघाच्या हाडांसाठी वाघ मारावाच लागतो. शिंगासाठी गेंडा मारण्याची मात्र गरज नाही. कायदेशीर व्यापाराच्या समर्थकांचा सर्व युक्तिवाद या एका जीववैज्ञानिक वस्तुस्थितीवर उभा आहे.

चिनी वैद्यकात शिंगाची पूड मुख्यतः ज्वरनाशक म्हणून वापरली जात असे. ती कामोत्तेजक म्हणून वापरली जाते, हा पाश्चात्त्य देशांत रूढ झालेला समज असून चिनी वैद्यकाच्या परंपरेत त्याला फारसा आधार नाही. विषाची परीक्षा होते या समजुतीने शिंगाचे पेले करण्याची प्रथाही अनेक देशांत होती. येमेनमध्ये ‘जंबिया’ या प्रतिष्ठेच्या कट्यारीच्या मुठीसाठी शिंगाला मोठी मागणी होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्हिएटनाममध्ये शिंगाने कर्करोग बरा होतो अशी अफवा पसरली; त्याचबरोबर श्रीमंत वर्गात ते भेट देण्याची वस्तू व ऐश्वर्याचे लक्षण ठरले. २०१२ च्या सुमारास चोरट्या बाजारातील त्याची किंमत सोन्याच्या भावापेक्षाही अधिक असल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले होते.

बंदीचा पूर्वेतिहास : वन्य प्राणी व वनस्पती यांच्या संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा करार (साइटीस) १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला व १९७५ पासून अंमलात आला. १९७७ पर्यंत गेंड्याच्या पाचही जाती या कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारी देवघेव निषिद्ध असलेल्या गटात, समाविष्ट झाल्या. तथापि केवळ करारामुळे शिकार थांबली नाही. आफ्रिकेतील काळ्या गेंड्यांची संख्या १९७० मध्ये सु. ६५,००० होती, ती १९९५ मध्ये सु. २,४०० वर आली.

शिंगाचे ग्राहक असलेले देश बंदीच्या कक्षेत फार सावकाश आले, हे या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण होय. जपानने १९८० मध्ये करार स्वीकारला, उ. येमेनने १९८२ मध्ये आयात बंद केली, द. कोरिया १९९३ मध्ये करारात सामील झाला. चीनने त्याच वर्षी देशांतर्गत व्यापार बंद करून शिंगाला औषधिकोशातून वगळले. तैवानमधील व्यापाराला आळा बसावा म्हणून अमेरिकेने १९९४ मध्ये त्याच्यावर व्यापारी निर्बंध लादले. यानंतर द. आफ्रिकेतील चोरटी शिकार दीर्घकाळ अल्प राहिली. २००७ मध्ये तेथे केवळ १३ गेंडे मारले गेले. बंदीच्या यशापयशाचा विचार करताना हा क्रम ध्यानात घ्यावा लागतो : करारावर सह्या झाल्या तेव्हा नव्हे, तर ग्राहक देशांनी आपले बाजार बंद केले तेव्हा बंदी परिणामकारक ठरली.

पांढऱ्या गेंड्याचे पुनरुज्जीवन : द. आफ्रिकेची भूमिका समजण्यासाठी तेथील दक्षिणी पांढऱ्या गेंड्याचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्राणी नामशेष होण्याच्या मार्गावर होता. नाताळमधील अंफोलोझी नदीच्या परिसरात १०० पेक्षाही कमी गेंडे उरले होते. १८९५ मध्ये तेथे राखीव क्षेत्र स्थापन झाले. १९६० नंतरच्या दशकात इयन प्लेअर व त्यांचे सहकारी यांनी गुंगीच्या औषधाचे बाण मारून गेंडे पकडण्याची पद्धती उपयोगात आणली आणि अनेक गेंडे इतर उद्यानांत व देशांत पाठविले. पुढे खाजगी जमीनमालकांना गेंडे विकत घेण्याची मुभा मिळाली. पर्यटन, मर्यादित परवानाधारक शिकार व जिवंत प्राण्यांची विक्री यांतून गेंडा पाळणे किफायतशीर ठरले. १९९४ मध्ये द. आफ्रिकेतील पांढऱ्या गेंड्यांना दुसऱ्या परिशिष्टात हलवून जिवंत प्राणी व शिकारीची स्मृतिचिन्हे यांच्या निर्यातीस मर्यादित अनुमती देण्यात आली. शिंगाच्या व्यापाराला मात्र ती दिली गेली नाही. २०१२ च्या सुमारास या उपजातीची संख्या २०,००० च्या वर गेली. ज्या प्राण्यापासून मालकाला उत्पन्न मिळते तो प्राणी टिकतो, हा विचार द. आफ्रिकेत या अनुभवातून दृढ झाला.

शिकारीची नवी लाट : २००८ मध्ये द. आफ्रिकेत ८३ गेंडे मारले गेले. २०१० मध्ये ३३३ व २०१४ मध्ये १,२१५. सर्वांत मोठी हानी क्रूगर राष्ट्रीय उद्यानात झाली. याच काळात व्हिएटनाममधील जावा गेंड्याचा शेवटचा प्राणीही नष्ट झाला. २०१० मध्ये कात तियेन राष्ट्रीय उद्यानात सापडलेल्या त्याच्या सांगाड्याच्या पायात गोळी होती व शिंग कापून नेलेले होते.

द. आफ्रिकेच्या शासनाने २००९ मध्ये देशांतर्गत व्यापारही स्थगित केला होता. शिकारीचा कळस या स्थगितीनंतर झाला, याकडे समर्थक बोट दाखवितात. विरोधकांच्या मते वाढीस २००८ मध्येच सुरुवात झाली होती आणि तिचे मूळ व्हिएटनाममधील नव्या मागणीत होते. दोन्ही घटना एकापाठोपाठ घडल्या एवढ्यावरून त्यांतील कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

समर्थकांचे युक्तिवाद : व्यापार खुला करण्याची मागणी करणाऱ्यांत खाजगी गेंडेपालक, काही अर्थशास्त्रज्ञ व काही संरक्षक आहेत. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात डुआन बिग्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पक्ष सविस्तर मांडला. त्यांच्या मते बंदीमुळे पुरवठा घटून किंमत वाढते व शिकारी टोळ्यांचा नफाही वाढतो. जिवंत गेंड्यांची कापलेली शिंगे व सरकारी साठे बाजारात आले, तर किंमत उतरेल व मिळणारा पैसा रक्षणावर खर्च करता येईल. प्रत्येक शिंगाची जनुकीय ओळख नोंदविता येते. तशी नोंदणी प्रिटोरिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सुरूही झाली आहे. रक्षणाच्या खर्चाचा मुद्दा तर अधिकच निकडीचा आहे. द. आफ्रिकेतील निम्म्याहून अधिक पांढरे गेंडे खाजगी मालकीचे असून सशस्त्र पहाऱ्याचा भार मालकांना उचलावा लागतो. गेंडा जगावा अशी इच्छा साऱ्या जगाची. त्याची किंमत मात्र थोड्यांनी मोजावयाची, हा अन्याय असल्याची त्यांची तक्रार आहे.

विरोधकांचे युक्तिवाद : विरोधकांचा मुख्य आक्षेप मागणीविषयी आहे. कायद्याने मान्यता मिळताच शिंगाच्या वापरामागील सामाजिक कलंक नाहीसा होईल व आज कायद्याच्या धाकाने दूर असलेले ग्राहक बाजारात येतील. चीन व व्हिएटनाम यांची लोकसंख्या व वाढती क्रयशक्ती पाहता ही मागणी पुरवठ्याच्या पलीकडे जाण्याचा संभव आहे. दुसरा आक्षेप असा, की पूड झालेल्या शिंगाचा उगम प्रत्येक दुकानात तपासणे अशक्यप्राय असल्याने चोरीचा माल वैध मालात मिसळेल. हस्तिदंताच्या १९९९ व २००८ मधील एकवेळच्या अनुज्ञात विक्रींचा दाखला याबाबत दिला जातो. २००८ च्या विक्रीनंतर हत्तींची चोरटी शिकार वाढली; तथापि ती या विक्रीमुळेच वाढली काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही.

निर्णय व घडामोडी : देशांतर्गत स्थगितीविरुद्ध जॉन ह्यूम व अन्य गेंडेपालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती रद्द केली व २०१७ मध्ये संविधान न्यायालयाने शासनाचे अपील नाकारले. त्यामुळे देशांतर्गत व्यापार परवान्याने सुरू झाला; परंतु द. आफ्रिकेत शिंगाला स्वतःचे गिऱ्हाईक जवळजवळ नसल्याने आणि निर्यात निषिद्धच राहिल्याने त्यातून फारसे काही साधले नाही. ह्यूम यांचा सु. २,००० गेंड्यांचा प्रकल्प २०२३ मध्ये लिलावास काढला, तेव्हा एकही बोली आली नाही. अखेर ‘आफ्रिकन पार्क्स’ या संस्थेने तो घेऊन ते गेंडे टप्प्याटप्प्याने निसर्गात सोडण्याचे ठरविले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर द. आफ्रिकेने २०१६ मध्ये प्रस्ताव न मांडण्याचा निर्णय घेतला. स्वाझीलंडने (२०१८ पासून एस्वातिनी) मात्र जोहॅनिसबर्ग येथील परिषदेत तो मांडला. त्याच्या बाजूने २६ व विरुद्ध १०० मते पडली. २०१९ व २०२२ मध्येही त्या देशाचे प्रस्ताव फेटाळले गेले. चीनने ऑक्टोबर २०१८ मध्ये पाळीव गेंड्यांच्या शिंगाचा वैद्यकीय वापर अनुज्ञेय ठरविला. परंतु जगभर टीका होताच पुढच्याच महिन्यात त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली.

दरम्यान शिंगे न विकता केवळ कापून टाकण्याचा उपाय पुढे आला. नामिबियाने तो १९८९ मध्ये प्रथम योजिला होता. क्रूगर परिसरातील ११ राखीव क्षेत्रांच्या २०१७–२३ या काळातील अभ्यासात (सायन्स, २०२५) शिंगे कापल्याने चोरटी शिकार सु. ७८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. द. आफ्रिकेत २०२४ मध्ये ४२० गेंडे मारले गेले. २०१४ च्या मानाने हे प्रमाण सु. एक-तृतीयांश आहे. अर्थात शिंगे कापण्याचा खर्च दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा करावा लागतो व कापलेल्या शिंगांचे साठे वाढतच जातात.

भारताची स्थिती : भारतातील एकशिंगी गेंड्याला वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पूर्ण संरक्षण आहे. आसाममधील काझीरंगा येथे २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे आढळले. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम शासनाने बोकाखाट येथे साठ्यातील २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली व शिंगाला औषधी मूल्य नसल्याचा संदेश दिला. २०२२ या वर्षी राज्यात गेंड्याची एकही चोरटी शिकार झाली नाही. कडक पहारा, स्थानिक लोकांचे सहकार्य व शासकीय निधी यांवर हे यश अवलंबून आहे. येथील बहुतेक गेंडे सरकारी वनभूमीवर असल्याने खर्चाचा प्रश्न द. आफ्रिकेइतका खाजगी स्वरूपाचा नाही, हाही फरक लक्षात घ्यावा लागतो.

समालोचन : दोन्ही पक्षांना गेंडा वाचवावयाचा आहे, मतभेद आहे तो मागणी कशी वागेल याविषयी, आणि बाजार प्रत्यक्ष उघडल्यावाचून त्याचे निश्चित उत्तर मिळणे कठीण आहे. परंतु या प्रयोगातील लाभ व धोका सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. अंदाज चुकला, तर हजारोंच्या संख्येने असलेला पांढरा गेंडा कदाचित सावरू शकेल, सु. ५० च्या आसपास उरलेल्या जावा व सुमात्रा गेंड्यांना ती संधी मिळणार नाही. बंदी एकदा उठविल्यावर जागृत झालेली मागणी पुन्हा दडपणे सोपे नाही. म्हणूनच बहुसंख्य राष्ट्रांचा कौल आजवर बंदीच्या बाजूने पडला आहे. तथापि बंदीचा आग्रह धरणाऱ्यांनी रक्षणाच्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, ही समर्थकांची मागणी त्यामुळे निराधार ठरत नाही. त्या खर्चाची तरतूद झाल्याशिवाय केवळ कागदावरील बंदी गेंड्याला वाचवू शकत नाही, हे १९७७ नंतरच्या दोन दशकांनी दाखवून दिले आहे.