जुन्या निवाडपत्रांतील ‘गुन्हेगारी’

एखाद्या वतनदार घराण्याच्या दप्तरात मोडी लिपीतील जुने निवाडपत्र सापडते. जाणत्याकडून ते वाचून घ्यावे, तो पूर्वजाच्या नावाशी ‘गुन्हेगारी’ हा शब्द जोडलेला निघतो. आपल्या कुळात कोणी चोर-दरोडेखोर होऊन गेला की काय, या शंकेने घरची मंडळी ओशाळतात आणि कागद पुन्हा बासनात बांधून ठेवतात. वस्तुतः त्या पूर्वजाने चोरी केलेली नसते, की कोणावर शस्त्र उगारलेले नसते. तो केवळ वतनाचा वाद हरलेला असतो.

मराठेशाहीत अशा तंट्याचा निकाल लागला म्हणजे सरकार दोन्ही पक्षांकडून द्रव्य घेई. जिंकणाऱ्याने द्यावयाची ती ‘हरकी’. हरणाऱ्यावर बसे ती ‘गुन्हेगारी’. आजच्या अर्थाचा गुन्हा त्यात असेलच असे नाही.

‘राजीनामा’ या शब्दाचीही अशीच गत आहे. राजी असल्याचा लेख, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पंच जो निर्णय देतील तो मान्य करू, असा राजीनामा वादाच्या आरंभीच दोन्ही पक्षांकडून लिहून घेत. पुढे इंग्रजी अमदानीतील महसुली कागदांत जमिनीवरचा हक्क सोडल्याचा लेख तो राजीनामा ठरला, आणि ती पत्करणाऱ्याची ती ‘कबुलायत’. आज नोकरी सोडणाराच राजीनामा देतो. तेव्हा कागद कोणत्या काळचा, हे पाहिल्यावाचून शब्दाचा अर्थ करू जाणे धोक्याचे होय.

पंचांपुढे पक्षकार आपली ‘तक्रीर’ म्हणजे जबानी देत. जमलेल्या मजालसीच्या साक्षीने ‘महजर’ होई. अक्षरशत्रू कुणबी सहीऐवजी त्यावर नांगराची निशाणी करी. शेवटी हरलेला पक्ष जिंकणाऱ्यास ‘येजितखत’ लिहून देई, म्हणजे आपला हक्क नाही अशी लेखी कबुली देई. तो ‘निशाणी’ शब्द आजही मराठी न्यायालयांत नांदतो. मात्र आता दाव्यात दाखल झालेल्या कागदाच्या क्रमांकास निशाणी म्हणतात.

यांतील बहुतेक शब्द फारसी-अरबी. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि यावनी शब्दांस संस्कृत पर्याय मिळाले. तरीही दावा, फिर्याद, जामीन हे शब्द लोकांच्या जिभेवरून उतरले नाहीत. ‘दिवाणी’ आणि ‘फौजदारी’ ही नावे दिवाण व फौजदार या मोगली अधिकाऱ्यांवरून आली. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत या दोन नावांची निराळी न्यायालये स्थापिली. पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतर १८२७ चे मुंबई इलाख्याचे कायदे आणि १८६० ची दंडसंहिता यांनी जुन्या शब्दांच्या अर्थांस नव्या चौकटी घातल्या. दिवाणीत वादी-प्रतिवादी, दावा, कैफियत, हुकूमनामा. फौजदारीत फिर्यादी, आरोपी, दोषारोप, शिक्षा, अशी विभागणी झाली.

संस्थानांतही शब्दांची ही अडचण जाणवत होती. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध झाला. गोव्यातील दप्तरे तर पोर्तुगीज भाषेत. तेथील १८६७ च्या नागरी संहितेच्या कौटुंबिक तरतुदी मुक्तीनंतरही चालू राहिल्या.

आजच्या कागदांतही हाच विवेक हवा. ‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. अपराध सिद्ध झाल्यावाचून तो अपराधी ठरत नाही. दावा ‘खारीज’ झाला म्हणजे वादीस मागितलेला न्याय मिळाला नाही. एवढ्यावरून तो खोटारडा ठरत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसास आपली बाजू सांगावयास पुन्हा उभे राहता येत नाही. त्याच्या कागदावरील शब्द त्याच्या काळच्या अर्थाने वाचणे, हाच त्याला देता येण्यासारखा न्याय आहे.